आत्याचा ठोंब्या

आमच्या आत्याला हॉस्पिटलात सगळे श्वासबाई म्हणत. एक्स-रे विभागात तिनं सगळी नोकरी काढली आणि त्या खोलीतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला तिची दोनच वाक्यं लक्षात राहायची. एक, "श्वास रोखा." आणि मशीनचा आवाज होऊन गेला की दुसरं, "सोडा." या दोहोंमधला वेळ कधी तसूभरही कमी-जास्त झाला नाही. पोट सुटलेला ठेकेदार असो की हाडांचा सापळा झालेली म्हातारी, सगळ्यांना तेवढाच श्वास. नवे डॉक्टर तिची नक्कल करायचे, पण तो मधला वेळ काही त्यांना साधायचा नाही, असं तिच्या विभागातले लोक अजून सांगतात.

ती गोड बोलणारी बाई नाही. मीही नाही, म्हणून आमचं जमतं. तिची मतं मोजकी आणि पक्की. पहिलं म्हणजे, खोलीत नको असलेली एकही वस्तू असता कामा नये. अंगठी नको, किल्ल्या नकोत, काळजीपोटी आत घुसलेली सासू तर मुळीच नको. दुसरं, फिल्मवर दिसत नाही ते झालेलं नाही. पेशंट कळवळून सांगायचा, बाई, हाड मोडलंय, मला आतून कळतंय. ही म्हणायची, असेल, फिल्म काय म्हणते बघू. घरातही तोच खाक्या. माझी आई एकदा म्हणाली की लग्नात मी अगदी बारीक होते, तर हिनं शांतपणे विचारलं, "फोटो आहे?" आई त्यावरून बरेच दिवस घुश्शात होती.

निवृत्तीनंतर आत्यानं दुर्बीण घेतली तेव्हा बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, वाटलं की चला, विरंगुळा झाला. पण आत्याला विरंगुळा हा प्रकारच माहीत नाही. डोळा लावून चंद्र बघायचा आणि वा वा म्हणायचं, यात तिला काही राम वाटेना. थोड्याच दिवसांत तिनं दुर्बिणीला डोळ्याच्या जागी कॅमेरा बसवला, कॅमेऱ्याची वायर बाबांच्या लॅपटॉपला जोडली आणि आभाळाची फिल्म काढायला सुरुवात केली. तिच्या लेखी विभाग बदलला होता, काम तेच होतं.

पुढे तिची गाठ एका गटाशी पडली. आपापल्या गच्चीवर दुर्बीण लावून बसणारी ही माणसं. त्यात एक शिंपी आहे, एक बँकेतले साहेब आहेत, आणि गटाचे प्रमुख भूमितीचे निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणतात. सूर्याभोवती फिरणारे मोठमोठे दगड, म्हणजे लघुग्रह, कधीकधी एखाद्या ताऱ्याच्या बरोबर पुढून जातात. तेवढ्यापुरता तारा विझतो आणि परत लागतो. दगडाची सावली जमिनीवरून पट्ट्यासारखी धावत जाते. त्या पट्ट्यात जागोजाग बसलेल्या प्रत्येकानं आपला तारा नेमका कधी विझला आणि कधी लागला ते टिपायचं. सगळ्यांच्या वेळा एकाखाली एक मांडल्या की कोणीही जवळून न पाहिलेल्या त्या दगडाचा आकार कागदावर उतरतो. एकाची वेळ चुकली तर आकाराला तिथे खड्डा पडतो. आत्याची गच्ची पट्ट्याच्या मधोमध यायची, त्यामुळे तिच्या वेळेवर सगळ्यांचं लक्ष असायचं.

मागच्या खेपेला अशाच एका दगडाच्या वेळी तारा ठरल्याप्रमाणे विझला आणि ठरल्याप्रमाणे लागला. आत्या स्क्रीनसमोर बसून होती. झालं, संपलं असं वाटत असतानाच तारा आणखी एकदा मिटला. अगदी निमिषभर, दगडाच्या मागून त्याचं पिल्लू जावं तसा. आत्यानं ते डोळ्यांनी पाहिलं, आणि पुढच्याच क्षणी बाबांच्या लॅपटॉपनं निळा पडदा टाकला, अपडेट चालू आहे, कृपया थांबा, असं कळवलं आणि स्वतःला बंद करून घेतलं. रेकॉर्डिंगची फाइल अर्धवट राहिली ती उघडलीच नाही. बाबा पुढे कितीतरी दिवस, मी काय त्याला सांगितलं होतं का, असं म्हणत त्या लॅपटॉपची वकिली करत होते.

आत्यानं सरांना फोन करून सांगितलं की तारा दोनदा विझला, त्या दगडाला स्वतःचा एक चंद्र असणार. सर सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, ताई, पातळसा ढग असेल, डोळा शिणतो, त्यात तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही नुकतंच झालंय. फाइल असती तर गोष्ट वेगळी होती. मी शेजारीच उभी होते, माझा नुसता तिळपापड झाला. आत्यानं मात्र वाद घातला नाही. आयुष्यभर जे वाक्य तिनं दुसऱ्यांना ऐकवलं तेच आता तिच्या वाट्याला आलं होतं, त्यावर ती काय बोलणार.

पण तिनं ते मनाला लावून घेतलं. एके सकाळी मी पाहिलं, ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपासून लांब उभी राहून, एक डोळा तळहातानं झाकून, खालची बारीक अक्षरं वाचत होती. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा तीच अक्षरं. ज्या बाईनं हजारो माणसांची हाडं पाहून सांगितली ती आता स्वतःचाच डोळा तपासत होती. मला फार वाईट वाटलं आणि ते दाखवता येईना, म्हणून मी उगाच तिच्याशी भांडले.

आणि मग सरांचा निरोप आला की तोच दगड पुन्हा एकदा आमच्याकडे सावली टाकतोय. त्यानंतर आत्याच्या हयातीत तो इकडे फिरकणार नव्हता. आपण पाहिलं ते खरं होतं की नाही, हे फिल्मवर बघायची आत्याला मिळणारी ही एकच संधी होती.

"मला अडाणी लॅपटॉप हवा," आत्या मला म्हणाली. "कॅमेऱ्याकडून येईल ते साठवून ठेवायचं, एवढंच त्याला कळलं पाहिजे. बाकी जगात काय चाललंय, त्याच्याशी त्याला काय करायचंय?"

ऑफिसात प्रिंटर अडला की लोक मला हाक मारतात, तेवढ्यावर घरात मी इंजिनियर ठरले आहे. दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आम्ही एक जाडजूड, विटेच्या वजनाचा जुना लॅपटॉप आणला आणि तो आधी पुसून कोरा केला. मग त्याच्या एकेक सवयी मोडायला घेतल्या. झाकण मिटलं तरी त्यानं झोपायचं नाही. स्क्रीन आपोआप काळी करायची नाही. वीज वाचवायच्या नावाखाली तो परस्पर कॅमेऱ्याची वायर बंद करायचा, तीही खोड मोडली. व्हायरसचा पहारेकरी काढला, अपडेट काढलं, गाणी, खेळ, मेल, सगळं काढलं. स्क्रीनच्या उजेडानं डोळे दिपू नयेत म्हणून वर लाल पारदर्शक कागद चिकटवला.

त्यानंतर पडद्यामागे गुपचूप चालणाऱ्या कामांची लांबलचक यादी निघाली. आत्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि प्रत्येक नावावर बोट ठेवून विचारायला लागली, "हे बाहेरच्या कोणाशी बोलतं का?"

मी म्हणायची, बोलतं, पण. ती म्हणायची, मग बंद. माझ्या 'पण'ला तिथे काही किंमत नव्हती. शेवटी मी वैतागले, काम कसं बंद करायचं ते तिला दाखवलं आणि चहा ठेवायला निघून गेले. उरलेल्यांचा निकाल तिनं एकटीनं लावला. एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. दुरुस्तीवाल्याकडे परत जाऊन तिनं वायफायचं कार्डच काढून घेतलं आणि ते नखाएवढं कार्ड चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं. दुरुस्तीवाला म्हणाला की बाई, आता हा अगदी ठोंब्या झाला. आत्याला ते नाव इतकं आवडलं की तिनं चिकटपट्टीवर लिहून झाकणावर लावलं.

ठोंब्या रोज संध्याकाळी गच्चीवर जायचा आणि या खेपेला ज्याच्या पुढून दगड जाणार त्या ताऱ्याची फिल्म काढायचा. एकदाही अडला नाही, एकदाही त्याला झोप आली नाही. आत्या खुलली. सरांनी सगळ्यांना फोनमध्ये एक अॅप घ्यायला सांगितलं होतं. ते फोनचा टॉर्च अगदी नेमक्या सेकंदाला पेटवतं. लॅपटॉपच्या घड्याळाचा भरवसा नसेल तर तो उजेड दुर्बिणीत पाडायचा, म्हणजे फिल्मवर वेळेची खूण राहते. आत्यानं अॅप घेतलं, पण ज्यांची तयारी कच्ची त्यांच्यासाठी ते, असंही मला ऐकवलं.

ठरलेल्या दिवशी अंधार पडता पडता आम्ही गच्चीवर होतो. वाऱ्यानं दुर्बीण हलू नये म्हणून आत्यानं तिच्या तिवईच्या पायांमध्ये जुना शिशाचा एप्रन टांगला होता. एक्स-रे विभागानं टाकून द्यायला काढलेला तो एप्रन तिनं मागून आणला होता. कोणी येऊन गच्चीचा दिवा लावू नये म्हणून बाबांना जिन्याच्या दारात उभं केलं होतं. एरवी त्यांनी या नेमणुकीवर दहा विनोद केले असते. त्या दिवशी ते हाताची घडी घालून गप्प उभे होते.

आत्यानं रेकॉर्डिंग फार लवकर चालू केलं. ठोंब्याची डिस्क लहान, आणि कॅमेरा भस्म्या रोग झाल्यासारखी जागा खातो, हे आम्हाला माहीत होतं. मी म्हटलंही, जरा थांब. तिनं मागच्या खेपेची आठवण दिली आणि बटण दाबलं. स्क्रीनच्या तळाशी उरलेल्या जागेची पट्टी होती, ती हळूहळू आखडत चालली. आत्याची नजर ताऱ्यावर होती, माझी त्या पट्टीवर.

आता किती वेळ राहिला ते बघायला मी फोन काढला. फोनमधली वेळ पाहिली, मग सहज ठोंब्याच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. ठोंब्या पुढे होता. एखाद-दुसऱ्या सेकंदानं नाही, चांगला अर्ध्या मिनिटाहून जास्त. मी आत्याचाही फोन काढून पाहिला. दोन्ही फोन एकमेकांना धरून होते, ठोंब्या एकटाच पुढे पळत होता.

मी तिला सांगितलं. लाल उजेडात तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"घड्याळ लावून घ्यायचं, तेसुद्धा तो बाहेर विचारूनच करतो का?" तिनं विचारलं.

"हो."

"म्हणजे ते मी बंद केलं."

ठोंब्या आडदांड असला तरी जुना होता. इतके दिवस त्याला कोणी वेळ सांगितली नव्हती आणि त्याचं घड्याळ आपल्या मनानं धावत गेलं होतं. तारा दोनदा विझो की चारदा, तो कधी विझला हेच चुकीचं लागलं असतं. घड्याळ आत्ता दुरुस्त करावं तर चालू फिल्मच्या मधेच वेळ उडी मारणार आणि सगळाच गोंधळ होणार. रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करावं तर तेवढ्यात तारा विझणार. कार्ड खाली चष्म्याच्या डबीत.

आत्यानं स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. टॉर्चचं अॅप तिनं उघडून ठेवलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली की आत्ता उजेड पाडायचा नाही, कॅमेरा दिपला तर मुख्य क्षणच जाईल. तारा विझून परत लागला की मग खूण करायची, याच फिल्मवर, जागा संपायच्या आत. मी दुर्बिणीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. तिथून मला स्क्रीन तिरकी दिसत होती. तारा, आणि खाली ती पट्टी. पट्टी आता बोटाच्या पेराएवढी उरली होती.

तारा विझला.

किती वेळ विझला होता ते मला सांगता येणार नाही. मग तो होता तिथेच परत लागला, जणू काही झालंच नव्हतं. बाबांनी जिन्यातून विचारलं, झालं का.

"आत्या, टाकू उजेड?"

ती गप्प. आणि तेव्हा मला कळलं की ती का गप्प आहे. मागच्या वेळी दुसरी उघडझाप झाली ती याच्यानंतर, याच वेळी. आत्ता टॉर्च पेटला तर स्क्रीन पांढरीफटक होणार, आणि तारा त्यात बुडालेला असताना पुन्हा मिटला तर ते कोणालाही कधीही कळणार नाही. थांबावं तर तिची स्वतःची फिल्म मिळेल. पण थांबताना डिस्क भरली तर खूणच राहणार नाही, आणि सगळ्यांच्या दगडाला मधोमध पुन्हा खड्डा पडेल.

पट्टी नखाएवढी झाली. "आत्या, जागा संपतेय," मी म्हटलं. माझा आवाज रडवेला झाला होता आणि मला त्याचा राग येत होता.

"टाक," ती म्हणाली.

मी बटणावर बोट ठेवलं. अॅपनं आपल्या सेकंदाची वाट पाहिली आणि टॉर्च पेटला. स्क्रीन पांढरी झाली. मग विझला. हळूहळू काळोख परतला, त्यात तारा दिसायला लागला, एकसारखा, शांत. आत्या पापणी न लववता बघत राहिली. तो काही मिटला नाही. थोड्याच वेळात एक छोटी चौकट उमटली, डिस्क भरली, रेकॉर्डिंग थांबवलं, फाइल साठवली.

आत्यानं वायर काढली, दुर्बिणीला टोपण लावलं, एप्रनची घडी घातली. मला तो शांतपणा सोसेना. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, थोडं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं, एवढा सगळा खटाटोप कशासाठी केलास मग.

"वेळेसाठी इतकी माणसं बसली होती गं," ती म्हणाली. "त्यांना मी दुसऱ्यांदा काय सांगणार होते?"

पायऱ्या उतरताना तिनं एका हातानं कठडा धरला होता. एरवी ती धरत नाही. बाबांनी ठोंब्या उचलून घेतला आणि तिच्या मागून खाली आणला.

पुढचे काही दिवस घरात तो विषय कोणी काढला नाही. फाइल सरांकडे गेली. ठोंब्याच्या झाकणावर नावाखाली आणखी एक चिकटपट्टी आली, तिच्यावर लिहिलं होतं, घड्याळ बघ. कॅलेंडरसमोर आत्या परत काही उभी राहिली नाही. मला ते जास्तच वाईट वाटलं, कारण याचा अर्थ तिनं तो नाद सोडला होता.

मग एका सुट्टीच्या सकाळी सरांचा फोन आला. आत्याचे हात कणकेचे होते म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. बाबा टेबलाशी बसून त्यांच्या लॅपटॉपवर बुद्धिबळ खेळत होते. सर म्हणाले की ताई, तुमची खूण अगदी स्वच्छ आली आहे, तिच्यावरून आम्ही सगळ्यांच्या वेळा लावून घेतल्या. आत्या बरं म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

पण सरांचं बोलणं संपलं नव्हतं. ते जरा अडखळत पुढे सांगू लागले. शिंप्याची गच्ची सावलीच्या पट्ट्याबाहेर होती. त्याचा तारा विझायलाच नको होता. तरी त्याच्या फिल्मवर तो निमिषभर मिटलेला दिसतो. ढग समजून तो ते पुसूनच टाकणार होता. तुमच्या वेळेशी ताडून पाहिलं, ढग नाही तो. दगडाच्या मागून काहीतरी चाललंय. या खेपेला त्याची सावली तुमच्या बाजूनं गेलीच नाही, तुम्ही कितीही थांबला असतात तरी ती तुम्हाला दिसणार नव्हती.

आत्याचे हात थांबले.

"तो चंद्र पुढे कुठे शोधायचा ते ठरवायला दोन जागा लागतात," सर म्हणाले. "एक शिंप्यानं दिली. दुसरी फक्त तुमच्याकडे आहे. मागच्या खेपेला तारा परत लागल्यावर किती वेळानं तो दुसऱ्यांदा मिटला?"

"माझ्याकडे फिल्म नाही, सर."

"फिल्म नकोय, ताई. तुम्ही पाहिलंत ते सांगा."

बाबांनी लॅपटॉपवरून मान वर केली. आत्यानं नळाखाली हात धुतले, पुसले, सावकाश. मग ती ओट्यापासून एक पाऊल मागे सरली आणि ताठ उभी राहिली. एक्स-रेच्या खोलीत काचेमागे ती अशीच उभी राहायची, लहानपणी मी पाहिलं होतं.

"घड्याळ आहे हाताशी?" तिनं विचारलं.

"आहे."

"मी रोखा म्हटलं की चालू करा. सोडा म्हटलं की बंद."

सर हो म्हणाले. आत्यानं समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"श्वास रोखा."

मी रोखला. बाबांनी रोखला, त्यांचे गाल फुगलेले मला दिसत होते. स्वयंपाकघरात नळाचा थेंब तेवढा वाजत होता.

"सोडा."

फोनमधून आधी सरांनी सोडलेला श्वास ऐकू आला. मग ते म्हणाले, "लिहून घेतलं, ताई."